पाण्याला ओढ असताना: पहिल्या ड्रिफ्ट डाइव्हसाठी

नवख्या डायव्हरला मी ड्रिफ्ट डाइव्हला, म्हणजे प्रवाहासोबत वाहत जायच्या स्कूबा डाइव्हला, नेते तेव्हा खाली उतरल्यावर आधी त्याचे पाय बघते. पाय सारखे हलत असतील तर तो अजून पाण्याशी झगडतोय. पुढे नेण्याचं काम प्रवाह करतो. आपण खोली सांभाळायची, बडी, म्हणजे डाइव्हमधला जोडीदार, सांभाळायचा आणि श्वास संथ ठेवायचा.

एक नॉटचा प्रवाह म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सेकंदाला साधारण अर्धा मीटर होतो हा वेग, आणि टाकी पाठीवर घेऊन त्याच्या विरुद्ध काही मिनिटं पोहलं की धाप लागते, हवा झपाट्याने संपते. म्हणून मागे राहिलेली सुंदर गोष्ट बघायला उलटं फिरू नका. कुठे सरकायचंच असेल तर प्रवाहाला आडवं पोहा.

दिवस निवडताना भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, ती पहिल्या डाइव्हला बरी. अर्थात जागेजागेचं गणित वेगळं. मेक्सिकोतल्या कोझुमेलला पाणी बहुतेक दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतं, तिथे तिथीवर फारसं अवलंबून नसतं. मालदीवच्या खाड्यांमध्ये मात्र पाणी आत येत असतानाची वेळ धरतात, कारण तेव्हा समुद्राचं स्वच्छ पाणी येतं आणि डायव्हर बाहेर खुल्या समुद्रात न जाता आतल्या बाजूला वाहत जातो. स्थानिक गाईड सांगेल ते माना.

ड्रिफ्टमध्ये बोट नांगर टाकत नाही, तुमच्या मागोमाग येते. त्यामुळे उडी सगळ्यांनी एकापाठोपाठ, उशीर न करता मारायची. मास्क, इन्फ्लेटर (जॅकेटमध्ये हवा भरायचं बटण), बडीची तपासणी हे सगळं बोटीवरच उरकलेलं हवं. बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगायचं जॅकेट, रिकामी ठेवून थेट खाली जाण्याची पद्धत जोरदार प्रवाहात वापरतात. कान चटकन मोकळे होत नसतील तर तुम्ही ती पहिल्याच वेळी करू नका. गाईडला स्पष्ट सांगा, सौम्य प्रवाहाची जागा मागा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर मी ब्रीफिंगमध्ये सर्वांत जास्त वेळ घालवते. प्रवाह सगळ्या खोलीवर सारखा नसतो. तळाशी आणि खडकाजवळ पाणी घासून मंदावतं, वर आणि मोकळ्यात ते वेगाने जातं. म्हणजे बडी तुमच्यापेक्षा चार मीटर वर असेल तर तुम्ही दोघं काहीही न करता एकमेकांपासून लांब जाल. एकाच खोलीवर, शेजारी शेजारी राहा. थांबायचं असेल तर मोठ्या खडकाच्या आडोशाला जा, प्रवाळाला हात लावू नका. रीफ हुक, म्हणजे खडकाला अडकवून थांबायचा आकडा, पहिल्या डाइव्हला नकोच.

माशांकडे लक्ष ठेवा. ते तोंड प्रवाहाकडे करून राहतात. सगळ्यांची तोंडं अचानक वरच्या दिशेला झाली, किंवा तुमचे बुडबुडे वर जायचे सोडून खाली खेचले जाऊ लागले, तर पाणी खाली ओढतंय. घाबरून सरळ वर पोहण्याने दमछाक होते. भिंतीपासून बाजूला पोहत प्रवाहातून बाहेर पडा, बीसीडीत थोडी हवा घ्या आणि ओढ सुटताच ती हवा सोडायला तयार राहा, नाहीतर वेगाने वर फेकले जाल.

बडी दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधा, मग वर या. तोही तेच करणार, हे बोटीवरच ठरवून घ्या. वर येण्याआधी एसएमबी, म्हणजे खुणेचा लांबट फुगा, सोडा. रील, म्हणजे फुग्याची दोरी गुंडाळलेली चकती, हातात धरा, अंगाला किंवा बीसीडीला अडकवू नका. फुगा सुटताना दोरी अडकली तर तो तुम्हाला वर ओढेल. फुग्यात आधी थोडीच हवा भरा. हे काम शांत पाण्यात आधी पुष्कळदा करून बघितलेलं असावं. मग मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग न ठेवता वर या आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा. पृष्ठभागावर पोहोचाल तेव्हा टाकीत निदान ५० बार (हवेच्या दाबाचं माप) उरायला हवेत. ठरलेल्या आकड्याला ज्याची हवा आधी पोहोचेल, त्याच्यासोबत त्याच्या बडीनेही निघायचं.

वर आल्यावर बीसीडी फुगवा, मास्क डोळ्यांवर आणि रेग्युलेटर तोंडात राहू द्या. फुगा उंच धरा, शिट्टी जवळ ठेवा. बोटीकडे पोहू नका, बोट तुमच्याकडे येईल. इंजिन न्यूट्रलला घेतल्याची कॅप्टनची खूण मिळेपर्यंत थांबा. मागे सोडलेली दोरी धरा, शिडीवर चढणाऱ्याच्या खाली तरंगू नका. फिन, म्हणजे पायातले पंख, काढायचे ते शिडीला हात पक्का बसल्यावरच. फिन काढले आणि हात सुटला, तर प्रवाहातून बोटीपर्यंत परत पोहत येता येत नाही.