विमानाच्या सांगाड्यासाठी टिग वेल्डिंग: सुरुवात कशी करावी

पिट्स स्पेशल किंवा बेअरहॉकसारखं विमान नकाशांवरून घरी बांधायचं, तर त्याचा सांगाडा ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) पोलादाच्या पातळ नळ्यांचा असतो. अमेरिकेत 'हौशी बांधणी' म्हणून विमानाची नोंदणी हवी असेल, तर निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनीच केलेलं असावं लागतं. त्यामुळे बरेच जण टिग वेल्डिंग स्वतःच शिकतात. आपल्या वर्कशॉपमध्ये ज्याला आर्गन वेल्डिंग म्हणतात, तेच हे: टॉर्चमधल्या टंगस्टनच्या सळईतून विजेचा आर्क काढून धातू वितळवायचा आणि आर्गन वायूने त्याला हवेपासून झाकायचं. ते शिकता येतं, पण गेट-ग्रिलच्या सवयी इथे चालत नाहीत.

यंत्र आणि साहित्य

पोलादासाठी डीसी यंत्र पुरतं, दीडशे अँपिअरचंही चालेल. पायाचं पेडल मात्र हवंच, कारण पातळ नळीवर करंट क्षणाक्षणाला कमी-जास्त करावा लागतो. टॉर्च निगेटिव्हला जोडा. शुद्ध आर्गन मिनिटाला ७ ते ९ लिटर सोडा. टंगस्टन १.६ मिमीचं, लँथनमवालं घ्या. थोरियमवाल्याची घासताना उडणारी धूळ किरणोत्सारी असते. टोक घासताना रेघा लांबीच्या दिशेने पडल्या पाहिजेत, म्हणजे आर्क स्थिर राहतो.

फिलर रॉड, म्हणजे सांध्यात वितळवून भरायची सळई, ईआर७०एस-२ घ्या. नळी ४१३०ची म्हणून रॉडही त्याच धातूचा घ्यावा, असं वाटणं साहजिक आहे. पण तसा सांधा थंड होताना कडक आणि ठिसूळ होतो, त्याला नंतर उष्णतेची प्रक्रिया द्यावी लागते. मऊ रॉडचा सांधा थोडा लवतो आणि धक्का सोसतो.

सराव त्याच नळीवर

आधी सपाट पत्र्यावर रॉड न वापरता नुसता वितळलेला ठिपका तयार करून तो सरळ रेषेत न्यायला शिका. मग रॉड द्या, मग टी-सांधा करा. एवढं जमलं की लगेच नळीवर या. विमानात वापरणार त्याच भिंतीच्या जाडीचे, म्हणजे ०.९ आणि १.२ मिमीचे तुकडे आणा. जाड पट्टीवर देखणी शिवण घालणाऱ्याच्या हातूनही ०.९ मिमीच्या नळीला भोक पडतं, म्हणून जाड भंगारावर महिने घालवू नका.

जुळणी

माझ्या मते निम्मं वेल्डिंग कानशीवर होतं. एक नळी दुसरीला भिडते तिथे तिचं टोक माशाच्या तोंडासारखं कापावं लागतं. नळी शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरा, पण लाकडी ठोकळ्यांमध्ये, नाहीतर ती चेपेल. मग अर्धगोल कानशीने थोडं थोडं घासत जा, दर वेळी जागेवर लावून उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसला तर अजून घासा. मोठी फट रॉडने भरून काढली, तर तिथे नको तितकी उष्णता जाते आणि नळी ओढली जाते.

टोकाची इंचभर जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, आतल्या बाजूनेही. मग अ‍ॅसिटोनने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर अजिबात वापरू नका: आर्कच्या उष्णतेत आणि अतिनील किरणांत त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

सांधा घालताना

समोरासमोर चार टॅक (नळ्या जागेवर धरणारे छोटे वेल्ड) मारा, कोन तपासा. नळी दोन्ही बाजूंनी बंद होणार असेल, तर आधीच छोटं भोक ठेवा. आत तापलेली हवा शेवटच्या क्षणी वितळलेला धातू बाहेर फेकते.

०.९ मिमीला साधारण ३५ ते ४० अँपिअरवर यंत्र लावा. टंगस्टन धातूपासून दीड मिमीवर, टॉर्च पंधरा-वीस अंश मागे कललेला. आर्कचा रोख जाड नळीवर जास्त ठेवा. दोन्ही कडा वितळून एकच चकाकता ठिपका झाला, की त्याच्या पुढच्या काठाला रॉड टेकवा आणि मागे घ्या, पण रॉडचं तापलेलं टोक आर्गनच्या छायेतच राहू द्या. दोन कडांवर दोन वेगळे ठिपके दिसत असतील तर रॉड देऊ नका, थांबा. टंगस्टन धातूला चिकटलं तर तेव्हाच काम थांबवून ते पुन्हा घासा.

पाव घेर झाला की समोरच्या बाजूचा पाव घ्या, म्हणजे सांगाडा वाकडा ओढला जात नाही. संपवताना पेडल हळूहळू सोडा. झटक्यात सोडलं की शेवटच्या खळग्यात तडा जातो. त्यानंतरही पाच-सात सेकंद टॉर्च तिथेच धरा, गॅस वाहू द्या. पंखा बंद, दार बंद. सांधा आपोआप थंड होऊ द्या, पाणी कधीही मारू नका.

कापून बघा

सरावाचे सांधे करवतीने उभे कापा आणि मुळापर्यंत धातू वितळला आहे का ते पाहा. काही सांधे शेगड्यात धरून मोडेपर्यंत वाकवा. शिवणीत तडा गेला तर अजून सराव हवा. कडेला नळी खरवडल्यासारखी खोलगट दिसत असेल, तर विमानात तो सांधा नाकारा. शिवण देखणी करण्यासाठी ती ग्राइंडरने घासू नका, त्याने सांधा कमजोर होतो.

प्रत्यक्ष विमानात सुरुवात बॅटरीच्या पेटीसारख्या कमी भाराच्या भागापासून करा, इंजिनाच्या माउंटकडे सर्वांत शेवटी वळा. अमेरिकेत असाल तर ऑशकॉशच्या ईएए या हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संस्थेचे तांत्रिक सल्लागार घरी येऊन काम विनाशुल्क पाहतात. त्यांना सांगाड्यावर रंग आणि कापड चढण्याआधी बोलवा, सगळे सांधे उघडे असताना.