मुलांच्या डिजिटल सुरक्षेची माहिती शोधताय? आधी या चुका टाळा

मुलाच्या हातात मोबाइल जाणार म्हटलं की आईबाबा गूगलवर ‘बेस्ट पॅरेंटल कंट्रोल ॲप’ शोधायला बसतात. घोळ तिथूनच सुरू होतो. सगळ्यात वर दिसतात त्या बहुतेक वेळा जाहिराती, आणि खालच्या ‘टॉप टेन’ याद्या लिहिणाऱ्यांपैकी अनेकांना लिंकमागे कमिशन मिळतं. मुलाची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून आपण ती आणखी एका अनोळखी कंपनीच्या स्वाधीन करतो.

२०१८ मध्ये मुलांच्या फोनवर नजर ठेवणाऱ्या टीनसेफ या अमेरिकी ॲपचे सर्व्हर पासवर्डशिवाय उघडे सापडले. त्यात पालकांचे ईमेल, मुलांचे ॲपल आयडी आणि त्यांचे पासवर्ड कुणालाही वाचता येतील अशा साध्या मजकुरात पडलेले होते. कळस म्हणजे हे ॲप चालावं म्हणून मुलाच्या ॲपल खात्याचं टू-फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारणारी सोय) बंद ठेवावं लागे. म्हणजे पासवर्ड ज्याच्या हाती लागेल त्याला अडवायला दुसरं काही उरलंच नव्हतं. एमस्पाय या हेरगिरीच्या ॲपचा डेटा तर २०१५, २०१८ आणि २०२४ असा तीनदा फुटला.

म्हणून ॲप घेण्याआधी त्याच्या नावापुढे ‘डेटा ब्रीच’ (म्हणजे डेटा फुटणं) लिहून एकदा शोधा. प्ले स्टोअरवरच्या ‘डेटा सेफ्टी’वर फार विसंबू नका, ती माहिती ॲप बनवणाऱ्यानेच भरलेली असते. आणि ‘प्ले प्रोटेक्ट (फोनमधली घातक ॲप तपासणारी गूगलची सोय) बंद करा, ही एपीके फाइल (स्टोअरबाहेरून बसवायचं ॲप) डाउनलोड करा’ अशी पायरी आली, तर पुढे वाचूच नका. मुलाच्या फोनवर मर्यादा घालायला अँड्रॉइडवर गूगलचं फॅमिली लिंक आणि आयफोनवर ॲपलचं स्क्रीन टाइम फुकट मिळतं. गूगल किंवा ॲपलकडे आपली माहिती तशीही असतेच. निदान तिसऱ्याची भर पडत नाही.

परदेशी लेख जसाच्या तसा उचलणे

इंग्रजीत वाचलेल्या बहुतेक लेखांत ‘१३ वर्षं’ ही रेघ असते. ती अमेरिकेच्या कायद्याची आहे. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे. मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला त्यात कंपन्यांना मनाई आहे, आणि मुलांबाबतच्या तरतुदी मोडल्या तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र ‘कायदा आला, आता बघायला नको’ असं समजू नका. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुलाची माहिती घेण्याआधी पालकांची संमती घ्यायची तरतूद लागू व्हायला त्यापुढे दीड वर्षाची मुदत दिलेली आहे.

या लेखांतली दुसरी गृहीत गोष्ट मला जास्त खटकते: प्रत्येक मुलाकडे स्वतःचं वेगळं उपकरण आहे. आपल्याकडे पोरगं आईच्या नाहीतर आजोबांच्या फोनवर कार्टून बघतं आणि त्याच फोनमध्ये यूपीआय, बँकेचे ओटीपी आणि ऑफिसचा ईमेल असतो. अशा फोनवर फॅमिली लिंकचा काही उपयोग नाही. इथे कामाला येतं ते ॲप पिनिंग, म्हणजे फोन एकाच ॲपवर अडकवून ठेवणं. सेटिंग्जमधल्या सिक्युरिटी विभागात ते चालू करायचं, ‘अनपिन करताना पिन विचारा’ हेही चालू करायचं, आणि यूट्यूब उघडून पिन करून फोन हातात द्यायचा. मग पिन टाकल्याशिवाय दुसऱ्या ॲपमध्ये जाता येत नाही. आयफोनवर यालाच गायडेड ॲक्सेस म्हणतात. यूपीआयचा पिन मुलासमोर मोठ्याने पुटपुटायची सवय मात्र आपली आपणच मोडायची.

जन्मसाल खोटं टाकणे

खातं लवकर उघडावं म्हणून बाबा मुलाच्या जागी स्वतःचं १९८५ टाकून मोकळे होतात. आता त्या खात्यामागे मूल आहे हे कंपनीला कळायचं कसं? इन्स्टाग्रामने भारतात २०२५ च्या फेब्रुवारीत टीन अकाउंट आणलं. त्यात खातं आपोआप प्रायव्हेट होतं, अनोळखी माणसाचे मेसेज अडतात आणि १६ खालच्या मुलाला हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. चाळिशीच्या माणसाच्या खात्याला यातलं काहीच मिळत नाही. ‘सेटिंग सापडतच नाही’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. मुलगी बारा वर्षांची असेल, तर तिचं इन्स्टाग्रामवर खातंच नको हे सरळ उत्तर आहे.

वर्गाच्या ग्रुपवर आधार

ही चूक घरोघरी होते आणि ‘ऑनलाइन सेफ्टी’ शोधणाऱ्याच्या नजरेतून हमखास निसटते. शाळा म्हणते, आधार पाठवा. एक आई वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकते, आणि पाहता पाहता खाली तीस आधार कार्डांची रांग लागते. नाव, जन्मतारीख, पत्ता, बारा आकडे. ऑटो-डाउनलोड चालू असेल त्या प्रत्येक फोनमध्ये त्याची प्रत उतरते, आणि व्हॉट्सॲपच्या फोल्डरचा बॅकअप चालू असेल तर तिथून क्लाउडवर. नंतर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं तरी बॅकअपला गेलेली प्रत तिथेच राहते.

‘आमची पीडीएफ पासवर्डवाली आहे’ असं सांगणारेही भेटतात. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. वर्गातल्या मुलाचं नाव आणि वय अख्ख्या ग्रुपला ठाऊक असतं. सांगा, काय लपलं?

उपाय सोपा आहे. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार काढा; त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. ते ग्रुपवर न टाकता थेट वर्गशिक्षकांना द्या, नाहीतर झेरॉक्सवर कारण आणि तारीख लिहून हाती द्या. कार्ड आधीच ग्रुपवर गेलं असेल आणि आधारला मोबाइल जोडलेला असेल, तर बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करा आणि ऑथेंटिकेशन हिस्टरी, म्हणजे आधार कधी कधी वापरलं गेलं त्याची नोंद, एकदा बघून घ्या. पाचच्या आतल्या मुलांच्या निळ्या बाल आधारात बोटांचे ठसे घेतलेलेच नसतात, तिथे लॉकचा प्रश्न येत नाही.

जाता जाता फोटोंबद्दल: व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला तर त्यातलं लोकेशन निघून जातं, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ते सोबत जातं. गणवेशावरचा शाळेचा बिल्ला मात्र दोन्हीत दिसतो.

फिल्टर लावला, तरी सगळं उघडतंय

राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून १.१.१.३ टाकायचा सल्ला चांगला आहे. क्लाउडफ्लेअरची ही सेवा फुकट आहे आणि अश्लील व घातक साइट अडवते. पण तो फिल्टर घरच्या वायफायपुरताच. मुलाने वायफाय बंद करून मोबाइल डेटा लावला की तो फिल्टरच्या बाहेर. त्यासाठी फोनमध्येच ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये जाऊन ‘फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम’ हा पत्ता इंग्रजीत भरा. तरीही चालत नसेल तर दोन ठिकाणी बघा: फोनमध्ये व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या वाटेने नेऊन फिल्टर चुकवणारं ॲप) आहे का, आणि क्रोमच्या ‘सिक्युअर डीएनएस’मध्ये दुसरंच काही निवडलेलं आहे का. याउलट हॉटेल किंवा स्टेशनच्या वायफायवर इंटरनेट सुरूच होत नसेल, तर तेवढ्यापुरतं प्रायव्हेट डीएनएस ‘ऑटोमॅटिक’वर आणा.

यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामच्या आत काय दिसतं ते डीएनएसला कळत नाही. तिथे त्या त्या ॲपचीच सेटिंग्ज लागतात. इन्कॉग्निटो मोडही इथे कामाचा नाही. तो फक्त त्या फोनवर हिस्टरी ठेवत नाही.

घरातला कॅमेराही याच फेरीत तपासून घ्या. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं सीसीटीव्ही चित्रण विकलं जात असल्याचं उघड झालं होतं. पाळण्यावर लावलेल्या कॅमेऱ्याला अजूनही बॉक्सवर छापलेलाच पासवर्ड असेल, तर तो आजच बदला.

घडल्यावर सगळं पुसून टाकणे

कुणी मुलीचा फोटो दाखवून धमकावतंय असं कळलं की घरात आधी आरडाओरडा होतो, मग चॅट डिलीट, खातं डिलीट. पोलिसांना दाखवायचं तेच गेलं. आधी प्रोफाइलची लिंक, युजरनेम, नंबर आणि धमकीचे मेसेज जपून ठेवा, मग ब्लॉक करा. आक्षेपार्ह फोटो मात्र ‘पुरावा’ म्हणून मामा-काकांना फॉरवर्ड करू नका. अल्पवयीन मुलांचं असं चित्र पसरवणं हा आयटी कायद्याच्या कलम ६७बी खाली गुन्हा आहे. पैसे पाठवू नका.

‘टेक इट डाउन’ ही सेवा अठराखालच्या मुलांच्या अशा फोटोंसाठीच आहे. फोटो अपलोड करावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि तेवढाच त्यात सहभागी असलेल्या कंपन्यांकडे जातो. मूल घाबरलेलं असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व मुलांसंबंधी तक्रारीला दोन वाटा दिसतील. नाव न देता तक्रार केली तर पुढे तिचं काय झालं ते बघता येत नाही, म्हणून धमकीचा प्रकार चालू असेल तर ‘रिपोर्ट अँड ट्रॅक’ निवडा आणि मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा.