चाल बांधणे आणि सोबतीने गाणे पूर्ण करणे: संगीत निर्मिती शिकणाऱ्यासाठी

संगीत निर्मिती शिकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपमध्ये आठ-आठ मात्रांचे असंख्य लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे छोटे तुकडे) साठलेले असतात. मुखड्यापासून शेवटच्या अंतऱ्यापर्यंत पूर्ण झालेले गाणे मात्र क्वचितच सापडते. सॉफ्टवेअर येत नाही म्हणून असे होत नाही. चाल शेवटास नेण्याची सवय नसते आणि आपले काम दुसऱ्या कलावंताच्या हाती देण्याची वेळच आलेली नसते, हे त्याचे खरे कारण आहे. नागपुरात राहून शिकणाऱ्याने या दोन गोष्टी कशा साधाव्यात, हे येथे सांगितले आहे. साधनांविषयी एवढेच पुरे की दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस (माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारे यंत्र), बारीक आवाजही टिपणारा एक कंडेन्सर माईक, बंद कपांचे हेडफोन आणि रीपरसारखे ध्वनिमुद्रणाचे एखादे सॉफ्टवेअर असले की काम सुरू करता येते. पहिली काही गाणी पूर्ण होईपर्यंत नवे प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायची जादा वाद्ये आणि परिणाम) घेऊ नयेत.

चाल बांधताना लॅपटॉप बंद ठेवावा. पेटी घ्यावी, तानपुऱ्याचा सूर लावावा आणि शब्द आधी मोठ्याने म्हणून पाहावेत. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाला फार महत्त्व आहे. ऱ्हस्व अक्षर चार मात्रा ताणले की ऐकणाऱ्याला शब्दच कळेनासा होतो, मग मिक्स (सर्व ट्रॅकचा अंतिम मेळ) कितीही स्वच्छ असो. म्हणून बोलताना जे अक्षर लांबते तेच सुरात लांबवावे आणि ओळीतला महत्त्वाचा शब्द समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) किंवा समेच्या अगदी जवळ आणण्याचा प्रयत्न करावा. सरावासाठी एकच कडवे आधी सहा मात्रांच्या दादऱ्यात, मग सात मात्रांच्या रूपकात आणि नंतर आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात बांधावे. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असलेला मोठा अभंग या सरावाला उत्तम, कारण त्याची लय वाचतानाच कानात बसते आणि ताल बदलल्यावर शब्दांचे वजन कुठे सरकले हे लगेच उमगते. स्वरांवरही मर्यादा घालून घ्यावी. भूपाच्या पाच स्वरांत मुखडा आणि अंतरा दोन्ही बांधायचे ठरवले, तर अंतऱ्याला वेगळेपण केवळ चढ-उतारातून आणि न्यासाच्या (ओळ जिथे विसावते त्या स्वराच्या) जागांतून आणावे लागते, आणि चाल बांधण्याचे खरे शिक्षण तिथेच होते. तयार झालेली चाल कोणत्याही वाद्याविना, नुसत्या टाळीवर कोणाला तरी म्हणून दाखवावी. तशी ती उभी राहत नसेल तर पुन्हा पेटी घेऊन बसावे.

मग लॅपटॉप उघडावा. रूपकासाठी ७/४, किंवा लय जलद असल्यास ७/८, असा बार (सॉफ्टवेअरमधले एक आवर्तन) ठरवला की सम प्रत्येक वेळी बारच्या पहिल्या ठोक्यावर येते; नेहमीच्या ४/४ वर रूपक बसवला तर पुढे संकलन करताना सम शोधण्यातच वेळ जातो.

आता माणसे हवीत, आणि या बाबतीत नागपूरचा विद्यार्थी भाग्यवान आहे असे मी मानतो. सिव्हिल लाइन्समधील वसंतराव देशपांडे सभागृहात आणि रेशीमबागेतील सुरेश भट सभागृहात गायन-वादनाचे कार्यक्रम होत असतात. कार्यक्रम संपल्यावर थांबून संगतकारांशी बोलावे, कारण ते मुख्य गायकाइतके गराड्यात नसतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गायलेल्या भजनांची परंपरा विदर्भातील भजनी मंडळांनी जपली आहे. भीमगीते गाणारे गायक या शहरात वस्तीवस्तीत आहेत, आणि खुल्या मैदानात हजारोंसमोर गाण्याची त्यांची सवय माईकसमोरही ऐकू येते. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचे वादक तर रात्रभर नाटकाला साथ करणारे आहेत; मात्र त्यांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, त्यामुळे त्यांना पावसाळ्यातच विचारावे. यांच्यापैकी कोणाकडेही जाताना आधी आपण त्यांच्या उपयोगी पडावे. मंडळाच्या भजनाचे नीट ध्वनिमुद्रण करून द्यावे, एखाद्या गायिकेचा डेमो स्वच्छ करून द्यावा. त्यातून ओळख होते आणि त्यांच्या कलेचे बारकावे काम करतानाच कानावर पडतात.

गायक ठरल्यावर पहिला प्रश्न पट्टीचा, म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीला सा मानायचे याचा. चाल आपण काळी एकमध्ये बांधली असेल आणि गायिका काळी चारमध्ये गात असेल, तर मिडीवर (आवाजाऐवजी स्वरांची नोंद ठेवणाऱ्या पद्धतीने) वाजवलेले सर्व काही एका क्षणात सरकवता येते; रेकॉर्ड झालेला आवाज किंवा सारंगी तेवढीच सरकवली तर नाद बिघडतो. यासाठी कोणतेही वाद्य मुद्रित करण्यापूर्वी गायिकेकडून चालीतला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर म्हणवून घ्यावा आणि पट्टी तिनेच ठरवावी. ठरलेली पट्टी तबलावादकाला आदल्या दिवशीच कळवावी, कारण दायाँ (उजव्या हाताचा तबला) ठोकून एका मर्यादेपर्यंतच चढवता-उतरवता येतो. पट्टी फार वेगळी असेल तर वेगळ्या तोंडाचा दायाँ आणावा लागतो. जुनी पेटी अनेकदा ४४० हर्ट्झवर, म्हणजे आजच्या प्रमाण सुरावर, नसते. ट्यूनरवर ती तपासावी आणि फरक असल्यास सॉफ्टवेअरमधल्या वाद्यांचा सूर पेटीला जुळवावा, कारण पेटीचे सूर ऐनवेळी बदलता येत नाहीत.

क्लिकचा (हेडफोनमधल्या ठरावीक लयीच्या टिकटिकीचा) आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भजनात लय हळूहळू चढत जाते आणि ते चढणे हाच त्या गाण्याचा प्राण असतो. खंजिरीवादकाच्या कानात यांत्रिक टिकटिक घातली की त्याचा हात आखडतो. त्यापेक्षा गायक आणि खंजिरी एकत्र मोकळेपणी वाजवू द्यावेत आणि नंतर प्रत्येक समेवर खूण करून सॉफ्टवेअरचा टेम्पो त्यांच्या लयीला जुळवावा. हे काम वेळखाऊ आहे, परंतु दर आवर्तनाला खरा कलावंत लय कुठे किंचित रोखतो आणि कुठे सोडतो, हे ते करताना जितके कळते तितके कोणत्याही धड्यातून कळत नाही.

ध्वनिमुद्रण घरीच करायचे असेल तर नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार आधी करावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि कूलर चालू ठेवून कंडेन्सर माईकवर गाणे घेता येत नाही. त्याची घरघर नंतर काढू गेल्यास आवाजातली हवाही निघून जाते. पहाटे खोली थंड असताना गाणे घ्यावे, कूलर टेक (ध्वनिमुद्रणाची एक फेरी) सुरू होण्यापूर्वी बंद करावा आणि दोन टेकांमध्ये गायकाला पुरेशी विश्रांती द्यावी. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती आवाज परतवतात, म्हणून गायकाच्या मागे आणि दोन्ही बाजूंना गाद्या उभ्या कराव्यात. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने तबल्या-खंजिरीचे चामडे सैल पडते, तेव्हा दर टेकपूर्वी सूर पुन्हा तपासावा. सर्वांत मोठ्या आवाजाची पातळी उणे १२ ते उणे ६ डीबीच्या दरम्यान राहील असा गेन (माईकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण) ठेवावा. हेडफोनमध्ये आवाज उशिरा येत असेल तर बफर (लॅपटॉप एका वेळी साठवून पुढे पाठवतो तो आवाजाचा तुकडा) कमी करावा. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर सुमारे २.७ मिलिसेकंदांचा होतो, आणि एवढा विलंब गायकाला सहसा जाणवत नाही.

सोबती पुण्यात किंवा मुंबईत असेल तर इंटरनेटवरून एकाच वेळी वाजवण्याचा हट्ट करू नये. फाइल पाठवून काम करावे. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणारा, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा वेव्ह (आवाज न दाबता साठवणारी फाइल) असावा. अशा एका मोनो ट्रॅकच्या एका मिनिटाला सुमारे ८.६ एमबी लागतात, तेव्हा ड्राइव्हची लिंक देणे सोयीचे. चाल ऐकवायला व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट चालते, मिक्ससाठी मात्र ती वापरू नये, कारण तिच्यात आवाज दाबून लहान केलेला असतो. फाइलच्या नावात गाणे, वाद्य, पट्टी, लय आणि आवृत्तीचा क्रमांक असावा. आपल्याला त्या वाद्याकडून काय हवे आहे हे दोन वाक्यांत लिहावे आणि पुढचे वादकावर सोडावे. प्रत्येक स्वर आपणच लिहून पाठवला तर त्याला बोलावण्याचा उपयोग राहत नाही.

मिक्सचा पहिला खर्डा सोबत्यांना ऐकवताना ‘कसे वाटले’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘छान’ असेच येते. ‘काका, दुसऱ्या अंतऱ्यात लय कुठे ओढल्यासारखी वाटते?’ किंवा ‘ताई, तुमचा कोणता शब्द वाद्यांखाली दबला आहे?’ असे नेमके विचारावे आणि उत्तर येईपर्यंत स्वतःचे समर्थन करू नये. सूचना लिहून घ्याव्यात, दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी गाणे ऐकून त्या पडताळाव्यात आणि जी मान्य नसेल तिचे कारण सांगावे.

श्रेय आणि हक्क यांचे बोलणे काम सुरू होण्यापूर्वीच व्हावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द, स्वररचना आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत. म्हणून गीतकार, संगीतकार, संयोजक, गायक आणि वादक यांची नावे आणि उत्पन्नातला वाटा एका कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. कवीच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे शब्दांचा हक्क टिकतो. तुकडोजी महाराजांचे निधन १९६८ मध्ये झाले, तेव्हा त्यांच्या भजनांसाठी २०२८ अखेरपर्यंत परवानगीचा प्रश्न येतो. सुरेश भटांचे निधन २००३ मधले असल्याने त्यांच्या गझलांसाठी तो २०६३ अखेरपर्यंत येतो. ज्ञानेश्वर-तुकारामांचे शब्द सर्वांना मोकळे आहेत, तथापि त्यांना एखाद्या संगीतकाराने दिलेली चाल तशी मोकळी असेलच असे नाही.

गाणे प्रकाशित झाल्यावर सर्व ट्रॅक, प्लगइनचा परिणाम असलेले आणि नसलेले, वेव्ह स्वरूपात दोन ठिकाणी साठवावेत, कारण काही वर्षांनी सॉफ्टवेअर बदलले की जुना प्रोजेक्ट उघडेलच याची खात्री नसते. त्यानंतरच्या गाण्यात भूमिका बदलावी: दुसऱ्याच्या चालीचे केवळ संयोजन करावे किंवा कोणाच्या ध्वनिमुद्रणाला नुसती पेटीची साथ करावी, आणि आपल्याला आलेल्या सूचना त्या संगीतकाराने किती स्पष्ट दिल्या होत्या हे टिपून ठेवावे.