विषारी मैत्रीची मालिका: बेभरवशाची निवेदिका कशी लिहावी

बेभरवशाची निवेदिका म्हणजे कथा सांगणारी अशी बाई, जिच्या सांगण्यावर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही. तिच्या आवाजाला लगेच हात घालू नका. आधी खरं काय घडलं ते तारीखवार लिहून काढा. कोरडं लिहा, तिच्या मताचा एक शब्दही नको. सहा भागांच्या मालिकेला अशी आठ-दहा पानं पुरतात. मग तीन रकाने पाडा: काय घडलं, ती काय सांगते आणि ती तसं का सांगते. ज्या सीनचा तिसरा रकाना रिकामा राहील, तो काढून टाका. तिथे फसवणारी ती नसते, लेखक असतो.

खोटं सांगायच्या तीन रीती आहेत: गाळणं, क्रम बदलणं, चुकीचा अर्थ लावणं. यात गाळणं सर्वांत भक्कम. न घडलेली गोष्ट फ्लॅशबॅकमध्ये घडलेली दाखवू नका. दिग्दर्शक हिचकॉकने १९५० च्या ‘स्टेज फ्राइट’ या चित्रपटात खोटा फ्लॅशबॅक वापरला आणि पुढे ती चूक झाल्याचं स्वतःच मान्य केलं. प्रेक्षक माणसाच्या बोलण्यावर शंका घेतो, पण डोळ्यांनी पाहिलेलं खोटं निघालं की पुढच्या कशावरच त्याचा विश्वास बसत नाही.

गाळणं कसं करायचं ते एका सीनवर बघा. रेवा निवेदिका, मुक्ता तिची मैत्रीण. मुलाखतीची सकाळ. मुक्ता रेवाची कॉलर सरळ करते आणि म्हणते, “छान दिसतेस गं. मागच्या वेळेसारखी घाबरू नकोस म्हणजे झालं.” वर रेवाचा व्हॉइस ओव्हर: “जाता जाता एक टाचणी टोचायचीच, ही तिची सवय.” पहिल्या भागात एवढंच. चौथ्या भागात तोच सीन पाच-सहा सेकंद आधी सुरू होतो, आणि रेवाच विचारते, “मागच्या वेळेसारखी घाबरले तर?” संवाद तोच राहतो, पण टाचणीचा धीर होतो. दोन्ही वेळचं शूट एकाच दिवशी, एका सलग टेकमध्ये, दोन कॅमेऱ्यांनी करा. पहिल्यांदा रेवाचा क्लोजअप वापरा, दुसऱ्यांदा दोघी दिसतील असा वाइड. कॉलरवरचा हात, उजेड, केसांची बट जराही बदलली, तर तो पुरावा न वाटता कंटिन्युइटीची चूक वाटते.

या मैत्रीत माया खरी हवी. दोघी एकमेकींना का सोडत नाहीत, हे पहिल्या वीस मिनिटांत पटलं पाहिजे. नाहीतर “निघून का जात नाही ही?” हा प्रश्न सगळी मालिका खाऊन टाकतो. भांडणापेक्षा हिशेब दाखवा: कोणी कोणासाठी काय केलं आणि त्याची आठवण कोण, कधी काढून देतं.

पडद्यावर दिसतंय तेच सांगणारा व्हॉइस ओव्हर सरळ कापा. चित्र आणि आवाज यांत फट असेल तिथेच तो ठेवा. तिच्या सांगण्यात खोट आहे याच्या प्रत्येक भागात दोन खुणा पुरेत: एक चटकन दिसणारी, एक फक्त दुसऱ्यांदा पाहताना सापडणारी. उलगडा शेवटच्या भागावर ढकलू नका. खरं कळल्यावर या दोघी एकमेकींसमोर कशा उभ्या राहतात, हाच खरा नाट्याचा भाग, आणि त्याला दोन भाग लागतात. आणि कृपा करून सगळं एखाद्या मानसिक आजाराच्या नावावर खपवू नका. त्याने निवेदिकेची जबाबदारी संपते आणि नाट्यही.

शूटच्या आधी, कथा माहीत नसलेल्या चार-पाच जणांना पहिले तीन भाग वाचायला द्या आणि एकच विचारा: कोणावर विश्वास आहे? सगळे रेवाचं नाव घेत असतील तर खुणा कमी पडल्या. एकही घेत नसेल तर पहिल्या भागातला तिचा व्हॉइस ओव्हर पुन्हा लिहा.