वाडीची स्वतःची इनोव्हेशन पॉलिसी कशी बनवायची? कोकणातल्या आडबाजूच्या गावांसाठी

इनोव्हेशन पॉलिसी, म्हणजे नवीन प्रयोग कसे निवडायचे आणि चालवायचे याचे नियम, म्हटलं की मंत्रालय, स्टार्टअप, मोठमोठे हॉल असलं काहीतरी डोळ्यासमोर येतं. पण खाडीपलीकडच्या दीड-दोनशे उंबऱ्यांच्या गावाला तिची गरज शहरापेक्षा जास्त आहे, कारण शहरात एक प्रयोग फसला तर शेजारी दुसरा उभा राहतो, आपल्याकडे एकदा फसला की पुढची दहा वर्षं कोणी नवीन काही करूया म्हणत नाही. माझं गाव वेंगुर्ले तालुक्यात, किनाऱ्याला लागून. तिथे केलेल्या आणि बघितलेल्या गोष्टींवरून लिहितोय, तुमच्या वाडीला जे लागू पडेल ते घ्या.

सुरुवातीलाच योजना शोधत बसू नका, आधी बंद पडलेल्या वस्तू मोजा. एका संध्याकाळी दोन-तीन जणांनी वही घेऊन गावात फिरायचं आणि गेल्या दहा वर्षांत आलेलं काय काय आज बंद आहे, ते कोणी बसवलं, कधी बंद पडलं, चावी कोणाकडे होती, हे सगळं लिहायचं. आमच्याकडे सोलरचे पथदिवे आले होते. पहिलं वर्ष झकास, रात्री पाणंदीतून बिनधास्त चालत जायचो, मग तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत एकेक विझत गेला. मी स्वतः शिडी लावून एक पेटी उघडली तर स्क्रूची डोकी गंजून पार गेलेली, पकड धरेना, आत टर्मिनलवर हिरवट पांढरा थर, कोपऱ्यात पालीची अंडी आणि बॅटरी फुगून टम्म. बसवणाऱ्या ठेकेदाराचा फोन लागेना, आणि देखभाल कोणी करायची याबद्दल कागदात एक ओळ नव्हती. दिवे चांगलेच होते हो, खाऱ्या वाऱ्याचा विचार कोणी केला नव्हता आणि दुरुस्तीला माणूस ठेवला नव्हता एवढंच.

म्हणून पॉलिसीची पहिली ओळ मी अशी लिहीन: जी वस्तू गावातला कोणी उघडून दुरुस्त करू शकत नाही आणि जिचा पार्ट तालुक्याच्या बाजारात मिळत नाही, ती फुकट मिळाली तरी घ्यायची नाही. घेतलीच तर नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे मागायचे, गावातल्या दोघांना बसवतानाच ट्रेनिंग द्यायला लावायचं, आणि दुरुस्तीचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात टाकायचे. दोघं यासाठी की एक जण मुंबईला गेला तर दुसरा असतो.

मग निवड. युरोपियन युनियनने २०१४ पासून आपल्या प्रदेशांना संशोधन आणि इनोव्हेशनचा निधी देताना अट घातली की प्रत्येकाने आपली मोजकी बलस्थानं निवडून दाखवायची, सगळीकडे तेच ते नको, आणि यात अझोर्स, रीयुनियन अशी मुख्य भूमीपासून फार लांब असलेली बेटंही आली. आपल्या वाडीने तर एकच गोष्ट निवडावी असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ती निवडायची कशी, तर आपल्याकडे काय वाया जातं ते बघा.

आमच्याकडे वाया जातो बोंडू, म्हणजे काजूच्या बीला चिकटलेलं रसाळ फळ. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बागेत सकाळी गेलात तर बायका वाकून बी पिरगळून काढून डब्यात टाकतायत आणि बोंडू तिथेच पडतायत, लाल पिवळे, दुपारपर्यंत मऊ पडतात, दुसऱ्या दिवशी आंबल्याचा वास आणि माश्या. बीच्या पाच ते दहापट वजन असतं त्याचं! म्हणजे आपण जे विकतो त्याच्या कितीतरी पट जमिनीवर कुजतं. बोंडू इतका नाजूक की लांबच्या कारखान्यात न्यायचा म्हटला तर पोचेपर्यंत फुकट, म्हणजे तो बागेपासून हाकेच्या अंतरावर, काही तासांतच पिळायला हवा. इथे आपलं आडबाजूला असणंच कामाला येतं. रस घसा धरतो तो टॅनिनमुळे, त्यावर साबुदाण्याची किंवा भाताची पेज रसात घालून ठेवली की तुरटपणा धरणारा गाळ खाली बसतो आणि वरचा निवळ रस काढून घेता येतो. आमच्या काकींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे पेज तर रोजच असते घरात." हीच खरी इनोव्हेशन, जी उद्या सकाळी करून बघता येते. वेंगुर्ल्यात प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे, वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ या काजूच्या जाती तिथल्याच, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, तिथे जाऊन विचारा, पत्र पाठवून वाट बघत बसू नका, चार जण जाऊन समोर बसा. तुमच्याकडे बोंडू नसेल तर रतांब्याच्या (कोकमाच्या) बिया असतील, फणस असेल, बारकी मासळी असेल.

प्रयोग करताना आकार छोटा ठेवा. पाच घरं, रोज वीस किलो बोंडू, एक महिना. आणि थांबायचं कधी हे आधीच लिहून ठेवा, कारण नंतर भांडणं होतात ती यावरूनच.

वाटणीचा नियम मशीन यायच्या आधी ठरवायचा, याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेला एग नावाचं बेट आहे, वस्ती साधारण शंभर. १९९७ मध्ये ते तिथल्या लोकांच्या ट्रस्टने विकत घेतलं आणि २००८ पासून पाणी, वारा, ऊन मिळून ते स्वतःची वीज बनवतात. त्यांचा नियम काय, तर घराला एका वेळी ५ किलोवॅट, धंद्याला १०, त्यापुढे कोणीच जायचं नाही. आणि देखभाल बेटावरचेच लोक करतात. आपल्याला यात नवीन काही नाही, पाटाच्या पाण्याची पाळी आपल्या आज्या-पणज्यांनी अशीच लावलेली. ड्रायर असो, रस काढायचं यंत्र असो, वनराई बंधाऱ्याचं पाणी असो, पाळी लिहून भिंतीवर लावा. बंधाऱ्यावरून आठवलं, पाऊस ओसरला आणि व्हाळ (ओढा) वाहता आहे तोवरच गोणी भरून तो घालायचा, उशीर केलात की अडवायला पाणीच राहत नाही, मग एवढा पाऊस पडूनही मे महिन्यात टँकर.

आता कागद आणि पैसा. ठरवलेलं काम ग्रामपंचायतीच्या "आमचा गाव आमचा विकास" आराखड्यात आलं पाहिजे, त्यासाठी ग्रामसभेत ठराव हवा, आणि तो तोंडी नको, इतिवृत्तात लिहिलेला स्वतः वाचून घ्या. अन्नप्रक्रियेसाठी पीएमएफएमई या छोट्या उद्योगांच्या केंद्र सरकारी योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान असतं, पण ते कर्जाला जोडलेलं आहे, त्यामुळे बचत गटाचं खातं आणि हिशोब आधी नीट हवा. खाडीकाठच्या गावांना कांदळवन संरक्षण आणि उपजीविका योजना आहे, २०१७ ची, त्यात खेकडा आणि कालवं पालनासारखी कामं गटाने केली तर ९० टक्के अनुदान. शेड बांधायच्या आधी सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याचा, नकाशा तपासा आणि कांदळवनाला हात लावू नका. जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) जिल्ह्याच्या मालाला असला तरी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केल्याशिवाय लेबलवर लावता येत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

घाई मात्र करू नका. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून कासवांची घरटी राखायचं काम सुरू झालं, कासव महोत्सव २००६ मध्ये आला, मग पाहुणे गावातल्या घरांतच राहायला, जेवायला लागले. आधी चार वर्षं नुसती राखण. आपल्याकडे लोक रिसॉर्टचा बोर्ड आधी लावतात आणि कचरा कुठे टाकायचा हे नंतर बघतात, याचं मला फार वाईट वाटतं.

बैठक कधी घ्यायची? गणपतीत. तेव्हा चाकरमानी आलेले असतात आणि त्यात इलेक्ट्रिशियन असतो, अकाउंट बघणारी असते, फ्रीज दुरुस्त करणारा असतो, त्यांच्याकडून फक्त वर्गणी मागू नका, दोन दिवस काम मागा. काजूचा हंगामही संपलेला असतो त्यामुळे हिशोब हातात असतो. आमच्या वहीत दर पानावर चारच रकाने आहेत: काय केलं, किती गेले, किती आले, काय मोडलं. वही खळ्यात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची, आणि चौथ्या रकान्यापासून सुरुवात करायची.