खुडूक कोंबडी उठवली ती अशी

आमची तांबडी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीने खुराड्यात ठाण मांडून बसली होती. पोटाखाली एकही अंडं नाही, तरी उठायचं नाव नाही. हात पुढे केला की पिसं फुलवून गुरगुरायची, वर कचकन टोचायची. खोपा अडल्यामुळे बाकीच्या कुठेही अंडी घालू लागल्या, हा खरा ताप.

पाण्यात बुचकळा, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. गारठून आजारी पडली म्हणजे?

खुडूक कोंबडीत प्रोलॅक्टिन, म्हणजे उबवायला बसवणारं संप्रेरक (हार्मोन), वाढलेलं असतं. पोटाखालची ऊब आणि अंधार त्याला खतपाणी घालतात. म्हणून तिला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवलं. पिंजरा विटांवर उचललेला, खालून वारा खेळेल असा. आत गवत-भुसा काही नाही. दाणापाणी मात्र भरपूर, कारण खुडूक कोंबडी खाणं तोडते, तुरा फिकट पडतो. जागा सावलीची, इतर कोंबड्या दिसतील अशी. रात्रीही तिथेच, फक्त मांजर-मुंगसापासून नीट बंदोबस्त करून.

साधारण ३-४ दिवसांनी सोडून पाहायचं. चरायला गेली तर सुटलो, खोप्याकडे पळाली तर परत आत. आमची पळालीच! पुढच्या खेपेला मात्र सरळ माती उकरायला लागली.

अंडी लगेच सुरू होत नाहीत, काही आठवडे जातात. आणि पिल्लं हवी असतील, फलित अंडी हाताशी असतील, तर हा खटाटोप कशाला? २१ दिवस बसू द्या तिला.