शेंगपेंड वाढवली, दूध नाही वाढलं

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या गोठ्यात चार जर्सी संकरित गायी. पावसाळ्यात दूध सोसायटीत एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ, टक्क्यांत) ८.१ वर आला, तेव्हा मी प्रत्येकीची शेंगपेंड (शेंगदाण्याची पेंड) थेट दीड किलो वाढवली. दूध तेवढंच, शेण पातळ, आणि पहाटे गोठ्यात अमोनियाचा वास!

आमच्या पशुवैद्यांनी उलगडून सांगितलं. शेंगपेंडेतली प्रथिनं कोटीपोटात (गायीच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) झपाट्याने फुटून अमोनिया होतो. तिथल्या जंतूंना सोबत पिष्ट मिळालं, तर ते त्यापासून स्वतःची प्रथिनं बनवतात. नाहीतर यकृत त्याचा युरिया करतं आणि तो मूत्रातून जातो. म्हणजे माझे पैसे गटारात.

वाढवलेली पेंड हळूहळू, आठवडाभरात काढली. मक्याचा भरडा किलोभर आणि बायपास सोया (ज्यातली बरीचशी प्रथिनं कोटीपोटात न फुटता पुढे जातात) अर्धा किलो सुरू केला. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी मक्यात लायसिन कमी, सोयात मेथिओनिन कमी. म्हणून लेपवाला मेथिओनिनही, पाकिटावरच्या मापाने. साधा दिला तर जंतूच बराचसा फस्त करतात. (तो महाग आहे, म्हणून फक्त नुकत्याच व्यालेल्या दोघींना.)

तीन आठवड्यांत वास गेला, शेण बांधलं, एसएनएफ ८.५. दूध मात्र गायीमागे जेमतेम अर्धा लिटर वाढलं. खोबऱ्याची पेंड थोडी चालूच ठेवलीय, त्याशिवाय म्हातारी गाय दावणीला तोंडच लावत नाही.